बूटपॉलिशच्या कारखान्यात राबलेल्या पोराने ‘स्क्रूज’ लिहिला आणि कार्टूनवाले आजही त्याची गाणी करतायत

नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनसमोर बसलेल्या पोरांना एक बदक नक्की आठवत असेल. डोक्यावर उंच टोपी, नाकावर चष्मा, हातात काठी आणि नाण्यांनी भरलेल्या तिजोरीत सूर मारून पोहायची सवय.

‘डक टेल्स’मधले अंकल स्क्रूज.

हे बदक कार्टूनिस्ट कार्ल बार्क्स यांनी १९४७ साली काढलं. पण त्याचं नाव काही त्यांचं नव्हतं. ते आलं होतं त्याच्याही १०४ वर्षं आधीच्या एका पुस्तकातून. पुस्तकाचं नाव ‘अ ख्रिसमस कॅरोल’ आणि लेखक चार्ल्स डिकन्स.

कंजूष म्हातारा, ख्रिसमसची रात्र आणि त्याला सुधारायला आलेली भुतं. या गोष्टीवर नाटकं झाली, सिनेमे झाले, आणि नाचगाण्यांनी भरलेले कार्टूनपट तर अजूनही होतायत. अगदी २०२२ साली नेटफ्लिक्सनेसुद्धा एक आणला.

पण ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या मागेही एक भूत लागलं होतं. ते त्याने आयुष्यभर लपवलं.

तर सुरुवातीपासून बघू.

चार्ल्स डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ चा, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. वडील जॉन डिकन्स नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. माणूस हौशी, गप्पिष्ट, पण हातात पैसा टिकत नव्हता. आठ मुलांचा संसार, पगारापेक्षा खर्च जास्त आणि सगळीकडे उधारी.

कुटुंब लंडनला आलं तेव्हा परिस्थिती पार हाताबाहेर गेली होती. घरातल्या वस्तू एकेक करून गहाण पडू लागल्या. चार्ल्सची शाळा सुटली. त्याच वेळी मोठी बहीण फॅनी मात्र रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकत होती.

१८२४ च्या फेब्रुवारीत चार्ल्स बारा वर्षांचा झाला आणि लगेच त्याला कामाला लावलं गेलं. थेम्स नदीच्या काठावर वॉरेन नावाचा बूटपॉलिशचा कारखाना होता. पडकी इमारत, उंदरांचा सुळसुळाट. दिवसाला दहा तास काम. पॉलिशच्या बरण्यांवर कागद बांधायचा, दोरी आवळायची, लेबल चिकटवायचं. मजुरी आठवड्याला सहा शिलिंग.

काही दिवसांतच वडिलांना अटक झाली. देणं होतं एका बेकरीवाल्याचं, ४० पौंडांच्या आसपास. त्या काळात इंग्लंडमध्ये कर्ज फेडलं नाही तर थेट तुरुंगात टाकत. जॉन डिकन्स मार्शलसी तुरुंगात गेले. थोड्या दिवसांनी आई धाकट्या भावंडांना घेऊन तिथेच राहायला गेली, कारण कैद्याच्या कुटुंबाला आत राहायची मुभा होती.

चार्ल्स बाहेर एकटा. दिवसभर कारखाना, रात्री भाड्याची खोली आणि रविवारी बापाला भेटायला तुरुंग.

पुढे कारखान्याची जागा बदलली. नव्या जागेत पोरांना उजेडासाठी खिडकीत बसवलं जायचं. त्यांचे हात इतके भराभर चालायचे की रस्त्यावरचे लोक थांबून बघत बसायचे.

काही महिन्यांत वडील सुटले. मग कारखाना बघणाऱ्या नातेवाइकाशी त्यांचं भांडण झालं आणि चार्ल्सचं काम सुटलं. वडील म्हणाले, पोराला शाळेत घालू. आईने मात्र भांडण मिटवलं आणि मुलाने परत कामावर जावं असा आग्रह धरला.

शेवटी वडिलांचं चाललं, चार्ल्स शाळेत गेला. पण आईची ही गोष्ट तो कधीच विसरला नाही.

पुढची काही वर्षं त्याने झपाट्याने पार केली. पंधराव्या वर्षी वकिलाच्या कचेरीत कारकून. मग शॉर्टहँड शिकून संसदेत वार्ताहर. १८३६ मध्ये ‘पिकविक पेपर्स’ दर महिन्याला एका शिलिंगच्या अंकातून छापायला सुरुवात झाली. पहिले अंक शेकड्यांत खपले, शेवटचे ४० हजारांवर गेले. पाठोपाठ ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आली. पंचविशीतला पोरगा इंग्लंडचा स्टार झाला होता.

१८३६ मध्येच कॅथरीन हॉगार्थशी त्याचं लग्न झालं. पुढे दहा मुलं झाली.

मग आलं १८४३. या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे बालकामगारांवरचा सरकारी अहवाल. कारखान्यांत राबणाऱ्या पोरांच्या जबान्या त्यात होत्या. डिकन्सने तो वाचला आणि हादरला. या प्रश्नावर एक पत्रक काढायचं त्याने ठरवलं. मग विचार बदलला. पत्रक वाचून लोक बाजूला ठेवतील, गोष्ट असेल तर घरात घेऊन जातील, असा त्याचा हिशोब होता. त्याच सप्टेंबरमध्ये तो लंडनच्या फील्ड लेन भागातली रस्त्यावरच्या मुलांची शाळा बघून आला. ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरला कामगारांच्या शिक्षणासाठी भाषण द्यायला गेला. तिथे गोष्ट डोक्यात पक्की झाली असं मानलं जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. चालू कादंबरी ‘मार्टिन चझलविट’ खपत नव्हती. प्रकाशक महिन्याचे पैसे कापायची भाषा करत होते. घरात पाचवं मूल येणार होतं. वडील अजूनही मुलाच्या नावावर उधारी करत होते. म्हणजे गरिबांचा कळवळा होताच, पण खिशालाही चटका बसला होता.

सहा आठवड्यांत पुस्तक लिहून झालं. या काळात तो रात्री लंडनच्या रस्त्यांवर मैलोन्मैल चालायचा आणि गोष्ट मनात जुळवायचा.

गोष्ट साधी आहे. एबेनेझर स्क्रूज हा कवडीचुंबक म्हातारा. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंगवर राबतो. बॉबचा धाकटा मुलगा टिम कुबडी घेऊन चालतो. ख्रिसमसच्या आदल्या रात्री स्क्रूजकडे त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लीचं भूत येतं. मग एकामागून एक तीन भुतं येतात. भूतकाळाचं, वर्तमानाचं आणि भविष्याचं. आपण काय होतो, काय झालो आणि असेच राहिलो तर काय होईल, हे बघून म्हातारा बदलतो.

टिमचं पात्र बहीण फॅनीच्या आजारी मुलावरून सुचलं असं सांगतात.

आता नावाकडे बघा. कॅरोल म्हणजे ख्रिसमसची गाणी. वसईपासून गोव्यापर्यंत डिसेंबरमध्ये घरोघरी फिरून गातात, तीच. डिकन्सने पुस्तकाला गाण्याचं नाव दिलं आणि आतल्या पाच प्रकरणांना प्रकरण न म्हणता ‘स्टेव्ह’ म्हटलं, म्हणजे गाण्याचं कडवं. पुढे कार्टूनवाल्यांनी या गोष्टीला चाली लावल्या, पण गाणं तर त्याने आधीच म्हटलं होतं.

१९ डिसेंबर १८४३ ला पुस्तक बाजारात आलं. लाल कापडी बांधणी, सोनेरी कडा, जॉन लीच यांची रंगीत चित्रं. ख्रिसमसच्या आत सहा हजार प्रती संपल्या.

पण एक गंमत झाली. पुस्तक देखणं करायच्या नादात खर्च इतका झाला की हजार पौंडांची आशा धरलेल्या डिकन्सच्या हातात पहिल्या आवृत्तीतून २३० पौंड पडले. किंमत होती पाच शिलिंग. म्हणजे गोष्टीतल्या बॉब क्रॅचिटचा आठवड्याचा एक तृतीयांश पगार. बरण्यांना लेबल लावणाऱ्या बारा वर्षांच्या चार्ल्सची तर जवळपास आठवड्याची कमाई.

ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांना ते परवडणारं नव्हतं.

त्यात नक्कल करणारे आले. जानेवारी १८४४ मध्ये एका छापखान्याने गोष्ट थोडी बदलून स्वस्तात विकायला काढली. डिकन्स कोर्टात गेला आणि जिंकला. तर समोरच्यांनी दिवाळं जाहीर केलं. भरपाई राहिली बाजूला, खटल्याचे ७०० पौंड डिकन्सच्याच अंगावर आले. फेब्रुवारी संपेपर्यंत लंडनमध्ये या गोष्टीची आठ नाटकं लागली होती.

मग डिकन्सने स्वतःच गोष्ट लोकांपर्यंत न्यायचं ठरवलं. २७ डिसेंबर १८५३ ला बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये त्याने तिचं जाहीर वाचन केलं. जवळपास तीन तास. पण त्याची अट होती. एक दिवस कामगारांसाठी ठेवायचा आणि तिकीट त्यांना परवडेल असं लावायचं. ३० डिसेंबरला त्याने कामगारांनी भरलेल्या हॉलसमोर तीच गोष्ट पुन्हा वाचली. प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा, चेहरा वेगळा. आजचे कार्टून आर्टिस्ट जे माइकसमोर करतात, ते हा माणूस एकटा करायचा.

१८५८ पासून तो अशा वाचनांचे पैसे घेऊ लागला. १८६७-६८ च्या अमेरिका दौऱ्यात ७६ प्रयोग झाले आणि सुमारे १९ हजार पौंड मिळाले.

इथपर्यंत वाचून माणूस देवच वाटेल. पण तसं नाही.

१८५८ मध्ये त्याने बावीस वर्षांच्या संसारानंतर कॅथरीनला घराबाहेर काढलं. त्याच्या आयुष्यात एलन टर्नन नावाची तरुण अभिनेत्री आली होती. वर वर्तमानपत्रात निवेदन छापून त्याने घरचा वाद चव्हाट्यावर मांडला.

आणि आपल्यासाठी याहून मोठी गोष्ट १८५७ ची. भारतात उठाव झाला. कानपूरच्या बातम्या इंग्लंडमध्ये पोहोचल्या. डिकन्सचा मुलगा वॉल्टर त्याच वर्षी कंपनीच्या फौजेत भरती होऊन भारतात आला होता. तेव्हा एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात डिकन्सने इच्छा लिहिली, की आपण भारतात सरसेनापती असतो तर हा वंशच पृथ्वीवरून पुसून टाकला असता. लंडनच्या गल्लीतल्या पोरांसाठी रडणाऱ्या माणसाच्या करुणेला अशी कुंपणं होती.

वॉल्टर परत गेलाच नाही. ३१ डिसेंबर १८६३ ला कोलकात्यात त्याचा मृत्यू झाला. वय २२. मागे राहिलं होतं कर्ज. ही बातमी बापाला मिळाली ७ फेब्रुवारी १८६४ ला, त्याच्या वाढदिवशी.

पुढे तब्येत ढासळत गेली. १५ मार्च १८७० ला लंडनमध्ये शेवटचं वाचन झालं. त्यातही ‘ख्रिसमस कॅरोल’ होतंच. ९ जून १८७० ला डिकन्स गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याला पुरलं.

गोष्ट मात्र कुणाच्याच हाताला लागेना. तिच्यावर आता कुणाचा हक्क उरला नव्हता, त्यामुळे कोर्टाची भीतीही नव्हती.

१८ डिसेंबर १९६२ ला अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘मिस्टर मगूज ख्रिसमस कॅरोल’ लागलं. टीव्हीसाठी बनलेला हा पहिला ख्रिसमस कार्टूनपट मानला जातो. डोळ्यांनी अधू असलेले मगू आजोबा थिएटरमध्ये येतात आणि स्क्रूजचं काम करतात अशी कल्पना. गाणी ज्यूल स्टाइन आणि बॉब मेरिल या ब्रॉडवेच्या जोडीची. १९७४ मध्ये डिस्नेने गोष्टीची संगीतमय रेकॉर्ड काढली. तिच्यावरून १९८३ मध्ये २६ मिनिटांचं ‘मिकीज ख्रिसमस कॅरोल’ आलं. त्यात स्क्रूज झाले आपले अंकल स्क्रूज आणि कारकून झाला मिकी. २०२२ च्या नेटफ्लिक्सच्या कार्टूनपटात लेस्ली ब्रिकस यांची १९७० च्या ‘स्क्रूज’ सिनेमातली गाणी पुन्हा वापरली गेली.

पुस्तकातले काही भाग मात्र या प्रवासात गळतात. मूळ गोष्टीत वर्तमानाच्या भुताच्या झग्याखाली दोन खंगलेली मुलं लपलेली असतात. एकाचं नाव अज्ञान, दुसरीचं नाव अभाव. ज्या अहवालाने डिकन्स हादरला होता, त्यातली पोरं ती हीच. मिकीच्या फिल्ममध्ये ती दोघं नाहीत.

आता त्या लपवलेल्या भुताबद्दल.

कारखान्यातल्या दिवसांबद्दल डिकन्सने जगाला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त जवळचा मित्र जॉन फॉर्स्टरला ते माहीत होतं. १८७२ मध्ये फॉर्स्टरच्या चरित्राचा पहिला भाग आला तेव्हा वाचकांना कळलं, की एवढा मोठा लेखक लहानपणी बूटपॉलिशच्या बरण्यांना लेबलं लावत होता.

मगूच्या कार्टूनमध्ये एक प्रसंग आहे. भूतकाळाचं भूत स्क्रूजला त्याच्या जुन्या शाळेत नेतं. सगळी मुलं घरी गेलेली असतात, वर्गात एकच पोरगा बसलेला असतो. तो आपल्या एकटेपणाचं गाणं म्हणतो. ते पोर आपणच आहोत हे म्हाताऱ्याला माहीत असतं. मग तोही त्याच्याबरोबर गाऊ लागतो.

डिकन्सला हे आयुष्यभर जमलं नाही. त्याने ते स्क्रूजकडून करून घेतलं.