लिंकनचे बिशप ह्यू

रागावलेल्या अधिकाऱ्यापुढें मनुष्य बहुधा भीतीनें मान तुकवितो, नाहींतर स्वतःहि रागावून शब्दास शब्द वाढवितो. याहून निराळा असा तिसरा मार्ग ज्यांच्या चरित्रांत आम्हांस दिसतो, अशा सत्पुरुषांपैकीं बिशप ह्यू हे एक होत.

त्यांचा जन्म इ. स. ११४० च्या सुमारास हल्लींच्या फ्रान्स देशांत झाला. तरुणपणींच ते आल्प्स पर्वतांतील कार्थुसी मठांत राहिले. आर्चबिशप बेकेट यांच्या ११७० मधील वधाचें प्रायश्चित्त म्हणून इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें विथॅम येथें मठ स्थापिला व त्याच्या व्यवस्थेसाठीं ह्यू यांस बोलाविलें. त्या मठापायीं ज्या गरिबांस घरें सोडावीं लागणार होतीं, त्यांस भरपाई मिळालीच पाहिजे, असा आग्रह ह्यू यांनीं प्रथम धरिला.

११८६ त ते लिंकनचे बिशप झाले. राजाचे वनाधिकारी त्या काळीं रयतेस फार छळीत. ह्यू यांनीं मुख्य वनाधिकाऱ्यास धर्मबहिष्कृत केलें. शिवाय राजानें आपल्या एका दरबाऱ्यासाठीं चर्चमधील उत्पन्नाची जागा मागितली, तीहि नाकारली. हेन्रीनें संतापून त्यांस वुडस्टॉक येथें बोलाविलें, आणि कोणीहि त्यांचा आदरसत्कार करूं नये, असें सरदारांस बजाविलें. ह्यू आले, त्यांनीं राजाशेजारच्या सरदारास हळूच बाजूस सारिलें व तेथें बसले. राजा न बोलतां आपल्या बोटावरील पट्टीस टांके घालीत होता. तें पाहून, महाराज आतां फालेझच्या आपल्या आप्तांसारखे दिसतात, असें ते सहज बोलले. राजाचा पणजोबा विल्यम याची आई फालेझ येथील कातडीं कमावणाऱ्याची मुलगी होती, असें लोक म्हणत. तो विनोद ओळखून राजा पोट धरून हंसला. मग ह्यू यांनीं आपलीं कारणें समजावून सांगितलीं, आणि राजाचा राग निवळला.

पुढें राजा रिचर्डनें परदेशांतील युद्धासाठीं सरदार व बिशप यांजकडे ३०० घोडेस्वार योद्धे मागितले. आपल्या चर्चवर देशाबाहेरील सेवेचें बंधन नाहीं, असें सांगून ह्यू यांनीं ११९७ त नकार दिला. राजानें त्यांच्या मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम सोडला. ११९८ त ह्यू स्वतः नॉर्मंडींत राजाकडे गेले. उपासनामंदिरांत राजानें तोंड फिरविलें, तेव्हां त्यांनीं त्याचें वस्त्र धरून शांतीचें चुंबन मागितलें. शेवटीं राजास हसूं आलें व त्यानें तें दिलें. मागाहून एकांतांत ह्यू यांनीं राजास त्याचे दोषहि सांगितले.

वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, दोन्ही प्रसंगीं ह्यू यांनीं आपला न्याय्य आग्रह सोडला नाहीं. त्यांस राजाकडून स्वतःसाठीं कांहींच नको होतें, म्हणून भीतीस जागा नव्हती. आणि राजाच्या आत्म्याचें हित हवें होतें, म्हणून द्वेषासहि नव्हती. पिलातापुढें शांतपणें उभ्या राहिलेल्या प्रभु ख्रिस्ताचा कित्ता त्यांनीं गिरविला. वडील माणसें वा शिक्षक रागावले असतां आपणहि प्रथम त्यांचें म्हणणें ऐकावें; चूक असल्यास कबूल करावी, नसल्यास खरें तें नम्रपणें सांगावें, असें आम्हांस वाटतें.

१६ नोव्हेंबर १२०० रोजीं ह्यू लंडन येथें निवर्तले. लिंकन येथें त्यांच्या अंत्यविधीस इंग्लंड व स्कॉटलंड या दोन्ही देशांचे राजे उपस्थित होते. १२२० त चर्चनें त्यांस संतपद दिलें.