स्फटिकांच्या आत पाहणाऱ्या डोरोथी हॉजकिन



या अंकासाठी बाईंनी थोर व्यक्तींच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कोणाला सावित्रीबाई आल्या, कोणाला लालबहादूर शास्त्री आले. माझ्या चिठ्ठीत डोरोथी हॉजकिन हे नाव निघाले. पहिले दोन दिवस मला ते नीट म्हणताच येईना. पण आता मी त्यांची सगळी माहिती वाचली आहे. मला तर वाटतं, माझीच चिठ्ठी सगळ्यात चांगली निघाली.

डोरोथीबाईंचा जन्म १२ मे १९१० रोजी इजिप्त देशात कैरो या शहरी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव क्रोफुट. वडिलांचे नाव जॉन. ते इंग्रज होते, पण तिकडे शिक्षणखात्यात नोकरीला होते. आईचे नाव मॉली. जुन्या काळी कापड कसे विणत असत याचा त्या अभ्यास करीत. डोरोथी चार वर्षांची असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. म्हणून आईवडिलांनी तिला व तिच्या दोन धाकट्या बहिणींना इंग्लंडात ठेवले आणि ते परत गेले. त्या युद्धात डोरोथीचे चार मामा मारले गेले. एका आजोळचे चार मामा. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

ती दहा वर्षांची झाली, म्हणजे माझ्याएवढी, तेव्हा एका लहानशा वर्गात तिला तुरटीचे आणि मोरचुदाचे पाणी देण्यात आले. पाणी हळूहळू उडून गेले आणि आत सुरेख पैलूदार खडे तयार झाले. अशा खड्यांना स्फटिक म्हणतात. खडीसाखर हासुद्धा स्फटिकच, आणि मिठाचा खडासुद्धा. डोरोथीला हे इतके आवडले की तिने घरी माळ्यावर स्वतःची प्रयोगशाळा केली. आपल्याकडे द्राक्षबागेत मोरचूद आणि चुना फवारतात ते सर्वांना माहीत आहे. ते विषारी असते, म्हणून बाईंनी आम्हाला फक्त तुरटी दिली.

पुढे ती सुदानमध्ये आईवडिलांकडे गेली, तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एका शास्त्रज्ञांनी तिला दगडमाती तपासण्याच्या सामानाची पेटी दिली. बागेतल्या पाण्याच्या पाटातून तिने चमकणारे काळे खनिज शोधून काढले. ते कोणते हेसुद्धा तिने स्वतःच तपासून ठरवले.

इंग्लंडातल्या तिच्या शाळेत रसायनशास्त्र फक्त मुलांना शिकवीत. मुलींना स्वयंपाकपाणी आणि घरकाम. डोरोथी आणि आणखी एक मुलगी, अशा दोघींनाच मुलांच्या वर्गात बसायची परवानगी मिळाली. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला पलीकडच्या गावी जावे लागते. आमच्या वर्गात मुली सात आहेत. त्यांतल्या किती जणी जाणार ते अजून ठरलेले नाही. आमच्या घरी रात्री जेवताना तोच विषय चालतो. म्हणून ही दोघींची गोष्ट मी मुद्दाम ठळक अक्षरात लिहिली आहे.

डोरोथीच्या सोळाव्या वाढदिवसाला आईने तिला विल्यम ब्रॅग या शास्त्रज्ञांचे पुस्तक दिले. क्ष-किरणांनी स्फटिकातले अणू कसे ओळखता येतात हे त्यात होते. पुढे ती ऑक्सफर्डला आणि नंतर केंब्रिजला शिकली आणि तिने जन्मभर हेच काम केले.

हे काम काय असते ते समजायला मला चार दिवस लागले. क्ष-किरण म्हणजे हाड मोडल्यावर दवाखान्यात फोटो काढतात ते. अणू इतके बारीक असतात की उजेडाची लाट त्यांच्यापेक्षा हजारो पट मोठी असते, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत. क्ष-किरणांची लाट मात्र अणूएवढी बारीक असते. स्फटिकात अणू ओळीने बसलेले असतात. त्यातून क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना फुटतात आणि फिल्मवर काळे ठिपके उमटतात. तुम्ही पण करून पाहा. रात्री लांबच्या खांबावरच्या दिव्याकडे आईच्या पातळ पदरातून बघा. एका दिव्याच्या चारी बाजूंना बारीक बारीक दिवे दिसतात, कारण पदराचे धागे ओळीने असतात. पदर फिरवला की ते दिवेपण फिरतात. मी आणि आजीने अंगणात उभे राहून हे केले.

फिल्मवरचे ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दिसतात, पण नुसते जोडून चित्र होत नाही. कोणता ठिपका किती काळा ते मोजायचे आणि मग हजारो गणिते करायची. तेव्हा कुठे कोणता अणू कुठे बसला आहे ते कळते.

चोविसाव्या वर्षी डोरोथीबाईंना संधिवात झाला. हातापायांचे सांधे सुजले, पुढे बोटे वाकडी झाली. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात त्यांना कामाला जी खोली मिळाली, तिला एकच खिडकी होती आणि तीही उंच. सूक्ष्मदर्शक त्या उजेडात होता. म्हणून त्या एका हातात नाजूक स्फटिक धरून शिडी चढत. यंत्राचा खटका बोटांनी दाबता येईना तेव्हा त्यांनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. तिथल्या रसायनशास्त्राच्या मंडळात बायकांना घेतच नसत. ते मला मुळीच पटले नाही.

१९३७ साली त्यांचे लग्न थॉमस हॉजकिन यांच्याशी झाले. त्यांना तीन मुले झाली.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी पेनिसिलीन हवे होते. पण त्याची रचना कशी आहे यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांत वाद होता. डोरोथीबाईंनी १९४५ साली ती शोधून दाखवली. त्यात चार अणूंचे एक कडे निघाले. असे कडे टिकणारच नाही, असे पुष्कळ जण म्हणत होते. मग त्यांनी ब-१२ जीवनसत्त्व हाती घेतले. त्याचे स्फटिक गडद लाल असतात, म्हणून तर त्याचे इंजेक्शन लाल दिसते. ते १९५६ साली पुरे झाले. पेनिसिलीनच्या एका रेणूत ४१ अणू असतात. ब-१२ मध्ये १८१.

१९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही एकट्यांना. त्याआधी हे पारितोषिक मादाम क्युरी आणि त्यांची मुलगी आयरीन या दोनच बायकांना मिळाले होते. बातमी आली तेव्हा डोरोथीबाई नवऱ्याबरोबर आफ्रिकेत घाना देशात होत्या. इंग्लंडच्या काही वर्तमानपत्रांनी गृहिणीला नोबेल मिळाले अशा अर्थाचे छापले. पुढच्या वर्षी त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान मिळाला. त्यांच्याआधी तो एकाच बाईला मिळाला होता, दिवेवाल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना. १९७६ साली रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. ते पदक १७३१ पासून देतात. मी वजाबाकी केली. २४५ वर्षांत ते एकाही बाईला मिळाले नव्हते.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती इन्शुलिनची गोष्ट. माझ्या आजीला शुगर आहे. ती रोज पोटाला इन्शुलिनची सुई टोचून घेते. डोरोथीबाईंनी इन्शुलिनच्या स्फटिकाचा पहिला फोटो १९३५ साली काढला. त्याच्या रेणूत सुमारे ८०० अणू. ठिपके दिसले, पण गणित सुटेना. मधल्या काळात पेनिसिलीन झाले, ब-१२ झाले, मुले मोठी झाली, नोबेल मिळाले, तरी त्यांनी इन्शुलिन सोडले नाही. १९६९ साली ते सुटले. चौतीस वर्षे! माझे बाबा आता चौतीस वर्षांचे आहेत. म्हणजे बाबा जन्मल्यापासून आजपर्यंत एकच गणित. त्यांच्या बरोबर काम करणाऱ्यांत आपल्या भारतातले एम. विजयन हेपण होते. ते नंतर बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. आजीला मी हे सांगितले तेव्हा तिने इन्शुलिनची बाटली उजेडात धरून बघितली.

चीनमधल्या शास्त्रज्ञांनीसुद्धा इन्शुलिनची रचना शोधली होती, पण जगाला ते फारसे माहीत नव्हते. डोरोथीबाई स्वतः तिकडे गेल्या, त्यांचे काम बघून आल्या आणि सगळ्यांना सांगितले. दुसऱ्याचे चांगले काम आपण होऊन कोण सांगतं? अणुबाँब आणि युद्धे नकोत म्हणून झटणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पगवॉश या संघटनेच्या त्या १९७६ ते १९८८ पर्यंत अध्यक्ष होत्या. ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर या त्यांच्या विद्यार्थिनी.

लंडनच्या एका चित्रसंग्रहालयात त्यांचे १९८५ सालचे रंगीत चित्र आहे. म्हाताऱ्या डोरोथीबाई टेबलाशी बसल्या आहेत, आणि चित्रकर्तीने त्यांना चार हात काढले आहेत. देवीला असतात तसे. एका जोडीने लिहितात, दुसऱ्या जोडीने दुसरे काही करतात. बोटे वाकडीच काढली आहेत.

१९९३ साली चीनमध्ये बीजिंगला जगातल्या सगळ्या स्फटिकशास्त्रज्ञांचे संमेलन भरले. तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या आणि त्यांना चालता येत नव्हते. तरी त्या चाकाच्या खुर्चीतून तिथे गेल्या. पुढच्या वर्षी, २९ जुलै १९९४ रोजी, त्यांचे निधन झाले.

मी वाढवलेला तुरटीचा स्फटिक मागच्या खिडकीत बाटलीत दोऱ्याला टांगला आहे. तो अजून वाढतो आहे. पालकांनी जरूर बघावा, पण बाटली हलवू नये.