पालवणकर बाळू : मैदानावरचा भिडू, मैदानाबाहेरचा पाहुणा



सातवी-आठवीच्या मुलांना विचारून बघा, खेळातून काय शिकायला मिळतं? उत्तरं ठरलेली असतात : शिस्त, जिद्द, संघभावना, खिलाडूवृत्ती. पण हे शब्द निबंधात लिहिणं वेगळं आणि वागण्यात आणणं वेगळं. तो फरक मुलांना समजावून सांगायचा असेल, तर पालवणकर बाळू यांची गोष्ट जरूर सांगा.

बाळू यांचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. पालवण हे कोकणातलं त्यांचं मूळ गाव, त्यावरून पालवणकर. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे कुटुंब पुण्यात होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले.

पुढे पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात बाळू कामाला लागले. पगार महिना 4 रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करत. त्यातून बाळू यांची डावखुरी फिरकी अशी तयार झाली की भल्याभल्यांची विकेट जावी. पण बॅट हातात घ्यायची संधी त्यांना तिथे कधी मिळाली नाही.

मग पुण्यातल्या हिंदू संघापुढे प्रश्न उभा राहिला. युरोपियनांना हरवायचं तर असा गोलंदाज हवाच. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला संघात कसं घ्यायचं? बरीच वादावादी होऊन बाळूंना घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर वेगळ्या, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाची पंगतही वेगळी.

इथे वाचताना थोडं थांबा आणि मुलांना विचारा, याला संघ म्हणायचं का?

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि त्यांचा भाऊ शिवरामही संघात होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले!

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. गुणवत्ता होती, अनुभव होता. आडवी आली ती जात. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी अन्यायाचा निषेध म्हणून संघातून माघार घेतली. लोकांतही चर्चा झाली. अखेर तोडगा निघाला, भाऊ परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. पुढे 1923 साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. मोठ्या भावाला जे मिळालं नाही ते धाकट्याने मिळवलं.

भारताचा पहिला कसोटी सामना 1932 साली झाला. तोवर बाळूंचं खेळायचं वय निघून गेलं होतं. ते पुढे राजकारणात उतरले. 1937 च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. 1955 साली त्यांचं निधन झालं.

ही गोष्ट सांगताना केवळ ‘कष्ट केले आणि यश मिळालं’ एवढ्यावर थांबू नका. कष्ट तर बाळूंनी पहिल्या दिवसापासून केले होते. अडचण त्यांच्या कष्टांत नव्हती, बाकीच्यांच्या वागण्यात होती. जिद्द एकट्याला दाखवता येते, पण संघभावना सगळ्यांनी मिळून पाळावी लागते. आणि माघार घेणं दर वेळी पळपुटेपणा नसतो, हे त्या दोन भावांकडून शिकण्यासारखं आहे.

आता आपल्या शाळेच्या मैदानाकडे बघू. संघ निवडताना शेवटी कोण उरतं? ज्याला रोज फक्त बॉल आणायला पाठवतात, त्याला बॅट कधी मिळते? खेळ संपल्यावर डबा खाताना कोण एकटं बसतं? मुलींना मैदान किती वेळ मिळतं? हे प्रश्न मुलांना वहीत लिहायला सांगा आणि आठवडाभर निरीक्षण करू द्या. पालकांनीही घरी मुलाला ‘किती रन काढले?’ यासोबत ‘आज कोणाला खेळायला मिळालं नाही?’ हेही विचारावं.

मुलं काय उत्तरं देतात ते कमेंटमध्ये जरूर कळवा.