अण्णा भाऊ साठे

तुकाराम भाऊराव साठे ऊर्फ अण्णा भाऊ साठे (१ ऑगस्ट १९२०; वाटेगाव, जि. सांगली – १८ जुलै १९६९, मुंबई) हे मराठी शाहीर, लोकनाट्यकार, कादंबरीकार आणि लाल बावटा कलापथकाचे एक संस्थापक होते.

सुरुवातीचे जीवन
अण्णा भाऊंचा जन्म मातंग समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. त्यांना शालेय शिक्षण जवळजवळ मिळाले नाही. लहानपणी ते कुटुंबासह पायी मुंबईला आले. तेथे कोळसे वेचणे, हमाली, गिरणीकाम अशी कामे करीत असताना ते अक्षरओळख शिकले आणि कम्युनिस्ट चळवळीशी जोडले गेले.

लाल बावटा कलापथक
१९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी हे पथक स्थापन केले. डफ-ढोलकीच्या साथीने पोवाडे, लावण्या आणि वग सादर करून पथकाने गिरणी कामगार व शेतकऱ्यांचे प्रश्न मांडले. अण्णा भाऊंनी तमाशाच्या पारंपरिक मांडणीत मूलभूत बदल केले. गणातील गणेशवंदनेच्या जागी त्यांनी मायभूमी व शिवाजी महाराजांना वंदन आणले आणि गवळण वगळली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. तेव्हा त्यांनी याच कलाप्रकाराला 'लोकनाट्य' या नावाने पुढे नेले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे' आणि 'मुंबई कुणाची' ही त्यांची गाजलेली लोकनाट्ये होत.

संयुक्त महाराष्ट्र चळवळीत तिन्ही शाहिरांनी जनजागृती केली. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छकडीत, पोटासाठी मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह आणि मराठी मुलखाची ताटातूट एकत्र आली आहे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, मात्र बेळगाव, कारवार हे भाग राज्याबाहेरच राहिले.

साहित्य
अण्णा भाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केलेल्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीस १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केलेल्या सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले.

अखेरचा काळ व स्मृती
कीर्ती मिळूनही दारिद्र्याने त्यांची पाठ सोडली नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत ते बराच काळ राहिले. तेथील जीवनाचे चित्रण 'चिरागनगरची भुतं' या कथासंग्रहात आढळते. भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, तर २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.