ब्रिटनचा राजा टॉयलेटमध्ये कोसळला आणि डॉक्टरांना एका जीवघेण्या आजाराचा पुरावा सापडला

२५ ऑक्टोबर १७६०. लंडनचा केन्सिंग्टन पॅलेस. राजा दुसरा जॉर्ज नेहमीसारखा पहाटे उठला, हॉट चॉकलेट प्यायला आणि शौचाला गेला. थोड्याच वेळात आतून धपकन आवाज आला. सेवक धावला, तर राजा जमिनीवर पडलेला. तो काही वाचला नाही. वय होतं ७६.

हा गडी साधासुधा नव्हता. जन्म १६८३ चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. १७२७ ला तो ब्रिटनच्या गादीवर बसला. आधी बापाशी पटलं नाही, नंतर थोरल्या पोराशीही पटलं नाही. १७४३ ला, साठीला टेकलेला असताना, डेटिंगनच्या लढाईत तो स्वतः उतरला. रणांगणात फौजेचं नेतृत्व करणारा ब्रिटनचा हा शेवटचा राजा.

मग असा माणूस एका क्षणात गेला कसा?

राजाचे डॉक्टर फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केलं. हृदयाभोवतीच्या पिशवीत जवळपास अर्धा लिटर रक्त गोठलं होतं. हृदयाचा उजवा कप्पा फुटला होता. आणि महाधमनीच्या आतल्या बाजूला साधारण दीड इंचाची आडवी चीर होती, तिच्यातून रक्त बाहेरच्या थराखाली शिरलं होतं.

यालाच आज एओर्टिक डिसेक्शन म्हणतात. महाधमनी म्हणजे हृदयातून रक्त बाहेर नेणारी मुख्य नळी. तिचा आतला थर फाटला की रक्त थरांच्या मध्ये घुसतं आणि अस्तर उसवावं तसे थर सुटत जातात.

राजाच्या काळात स्टेथोस्कोपसुद्धा नव्हता, तो आला १८१६ ला. आज मात्र साध्या तपासणीतही या आजाराचा संशय येऊ शकतो. डॉक्टर दोन्ही मनगटांची नाडी बघतात. एका हाताची नाडी मंद किंवा गायब असेल, दोन्ही हातांच्या वरच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक असेल, तर धोक्याची घंटा. स्टेथोस्कोपमधून झडप गळत असल्याचा आवाज येऊ शकतो. बीपी पडलंय, मानेच्या शिरा फुगल्यात, ठोके दबके येतायत, तर हृदयाभोवती रक्त साचल्याची शंका घेतात. राजाच्या बाबतीत हेच झालं होतं.

पण एक लक्षात ठेवा. बऱ्याच पेशंटमध्ये नाडी दोन्हीकडे सारखीच लागते. म्हणून नाडी ठीक आहे म्हणजे धोका टळला असं नसतं, खात्री सीटी स्कॅनसारख्या तपासणीनेच होते. शिवाय हे दुखणं हार्ट अटॅकसारखं वाटतं आणि त्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

त्यामुळे छातीत किंवा पाठीत अचानक, काहीतरी फाटल्यासारखी कळ आली, तर गॅस झालाय म्हणून ओवा खात बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.