डॉक्टर ओस्वाल्दो क्रूझ

ज्या प्लेगानें १८९६ सालीं मुंबई ग्रासली, तोच बंदरोबंदरीं फिरत १८९९ सालीं ब्राझील देशांतील सांतोस येथें पोहोंचला. त्याची परीक्षा करण्यास सरकारनें ज्यांस धाडिलें, ते डॉक्टर ओस्वाल्दो क्रूझ तेव्हां अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें जंतुशास्त्र शिकून ते नुकतेच स्वदेशीं परतले होते.

त्यांचा जन्म ५ ऑगस्ट १८७२ रोजीं साओ पाउलो प्रांतांत झाला. वडील डॉक्टरच होते. पंधराव्या वर्षीं ओस्वाल्दो वैद्यकाच्या अभ्यासास लागले व १८९२ सालीं पदवीधर झाले. प्लेगावरील लस देशांतच तयार व्हावी म्हणून १९०० सालीं रिओ शहराबाहेर मांगिन्योस येथें जी संस्था निघाली, तिची धुरा पुढें त्यांजकडे आली.

१९०३ सालीं ते राष्ट्राच्या आरोग्यखात्याचे मुख्याधिकारी झाले. पीतज्वरामुळें रिओ बंदराची परदेशीं फार अपकीर्ति झाली होती. हा ज्वर डांसांमुळें पसरतो हें क्यूबांत सिद्ध झालें होतें. परंतु रिओंतील पुष्कळ डॉक्टर तें मानीत नसत. क्रूझ यांचीं पथकें घरोघर जाऊन पाण्याचे हौद झांकूं लागलीं. प्लेगासाठीं उंदीर विकत घेण्याचीही योजना निघाली. तेव्हां कांहीं धूर्तांनीं विकण्यासाठीं उंदीर पाळण्यास आरंभ केला!

१९०४ सालीं देवी टोंचून घेण्याची सक्ति करणारा कायदा झाला. नोव्हेंबरांत शहर पेटलें. ट्रामगाड्या उलथल्या, रस्तोरस्तीं अडथळे उभे राहिले, माणसें मेलीं. अखेर सरकारनें सक्ति मागें घेतली. १८९७ सालीं पुण्यांतील प्लेगाच्या झडत्यांनीं लोक किती क्षुब्ध झाले हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा संताप समजण्यास कठीण नाहीं. शास्त्र क्रूझ यांच्या बाजूस होतें. परंतु लोकांची समजूत घालण्यापूर्वींच बळ वापरलें गेलें, हें आम्हांस त्या कार्यांतील मोठें व्यंग वाटतें.

पीतज्वराची सांथ मात्र हटली, आणि १९०७ सालीं बर्लिन येथील आरोग्यपरिषदेंत ब्राझीलला सुवर्णपदक मिळालें. पुढच्याच वर्षीं देवींनीं रिओंत सहा हजारांहून अधिक बळी घेतले. तेव्हां त्याच शहराचे लोक आपण होऊन टोंचून घेण्यास धांवले.

१९०९ सालीं क्रूझ यांनीं अधिकारपद सोडलें व ते संस्थेच्या कार्यांत गढून गेले. १९१० सालीं आमेझॉनच्या अरण्यांत रेल्वे बांधणाऱ्या मजुरांमधील हिंवतापाची पाहणीही त्यांनीं केली. प्रकृति ढांसळल्यावर ते पेत्रोपोलिस येथें राहावयास गेले व तेथेंच ११ फेब्रुवारी १९१७ रोजीं, चव्वेचाळिसाव्या वर्षीं, निवर्तले. मांगिन्योस येथील संस्था त्यांचेंच नांव धारण करिते. तेथें आजही लसी तयार होतात.