बाळू पालवणकर

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता ते नामांकित डावखुरे गोलंदाज झाले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. स्पर्श मात्र नको होता! खेळताना चेंडू सर्वांचा एकच असे. पण चहा त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यातून मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले. तरीही संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२३ साली तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. १९५५ साली बाळू निवर्तले. मुलांनो, न मिळालेल्या त्या पदाची खंत क्रीडारसिक अजूनही बाळगतात.